हुशार मुलाचं ध्येय आणि त्याची नोंदवही

हुशार मुलाला ‘तुझं ध्येय काय?’ असं विचारलं की उत्तर तयार असतं. आयआयटी, कलेक्टर, नाहीतर इस्रो. पाहुण्यांसमोर म्हणून म्हणून ते गुळगुळीत झालेलं असतं. पाहुणे खूश, आईबाबा खूश. पण सोमवारी संध्याकाळी पाच वाजता त्या मुलाने वही उघडून नेमकं काय करायचं, हे त्यातून कळत नाही. आणि आठवीतल्या मुलाला ध्येयाचा उपयोग होणार असेल तर तो त्या सोमवारीच.

दुसरं ठरलेलं उत्तर गुणांचं. गेल्या वर्षी ९५, यंदा ९८. साठ गुणांवरून पंचाहत्तरवर जाणारं मूल खरोखर काहीतरी नवं शिकतं. ९५ वरून ९८ वर जाणारं मूल बहुतेक वेळा फक्त खाडाखोड कमी करायला आणि एकक न विसरायला शिकतं, आणि त्यासाठी येत असलेलीच दोनशे उदाहरणं पुन्हा सोडवतं. वर्षभर हे केलं की त्याची एक ठाम समजूत होते: अभ्यास म्हणजे जे येतं ते न चुकता करणं. पुढे अकरावीत किंवा ऑलिम्पियाडच्या पेपरात पहिल्यांदा न येणारं काही समोर आलं की हे मूल इतरांपेक्षा आधी हात टेकतं, कारण अडकून बसायची सवयच झालेली नसते.

म्हणून या लेखात ध्येय म्हणजे एवढंच: आज जमत नाही अशी एक गोष्ट, जी चार ते सहा आठवड्यांत जमण्याजोगी आहे आणि जमली की नाही हे मुलाला स्वतःलाच तपासता येईल. एका वेळी एकच. शाळेचं वर्ष धरलं तर जून ते दिवाळी दोन आणि दिवाळीनंतर दोन, अशी चार ध्येयं भरपूर झाली. गणपतीचा आठवडा आणि सहामाहीचे दिवस मोजणीतून आधीच वगळायचे. ते वगळले नाहीत तर तिसऱ्या आठवड्यात वेळापत्रक कोलमडतं आणि मूल समजतं की आपणच कमी पडलो.

ध्येयाआधी जागा करावी लागते, आणि नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. शाळा, गृहपाठ, क्लास, वर हे ‘विशेष’ काम असं झालं तर हुशारीची शिक्षाच होते. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेंझुली यांनी प्रज्ञावंत मुलांच्या शिक्षणात रुजवलेली एक साधी पद्धत इथे कामाला येते: जे येतं ते आधी सिद्ध करू द्यायचं आणि मग त्याचा सराव माफ करायचा. म्हणजे पाठ शिकवून झाल्यावर जी घटक चाचणी घेणार, ती पाठ सुरू व्हायच्या आधीच त्या मुलाला द्यायची. २० गुण, ४० मिनिटं. १७ किंवा जास्त पडले तर त्या पाठाचे सरावसंच माफ. १२ ते १६ पडले तर जिथे चुकलं तेवढाच भाग वर्गाबरोबर करायचा. १२ च्या खाली असेल तर मूल हुशार असलं तरी हा पाठ त्याला येत नाही, त्याने सगळ्यांबरोबर शिकावं. यात कमीपणा काही नाही, हेही त्याला स्पष्ट सांगायचं.

तपासताना फक्त उत्तर पाहू नका. हुशार मुलं मधल्या पायऱ्या मनातच करतात आणि उत्तर लिहून मोकळी होतात. बोर्डाच्या पेपरात पायऱ्यांना गुण असतात, तो भाग निराळा. इथे पायऱ्या हव्यात त्या वेगळ्या कारणासाठी: अंदाजाने बरोबर आलेलं आणि समजून आलेलं यातला फरक पायऱ्यांशिवाय कळत नाही. शंका आली तर दोन उदाहरणं तोंडी विचारायची, पाच मिनिटांत उलगडा होतो.

मोकळ्या झालेल्या तासाला मुलाने काय करायचं हे आधी ठरलेलं असावं. नाहीतर शिक्षक त्याला मॉनिटर करतात किंवा कच्च्या मुलांना शिकवायला बसवतात. महिन्यातून एकदोनदा ठीक आहे, समजावून सांगताना स्वतःचंही पक्कं होतं. पण रोज तेच करून घेतलं तर ती शाळेची सोय झाली, त्या मुलाचं शिक्षण नव्हे. प्रज्ञावंतांसाठी मुद्दाम उभ्या राहिलेल्या शाळा आपल्याकडे मोजक्या आहेत. पुण्यात ज्ञान प्रबोधिनीची प्रशाला १९६९ पासून हे काम करते आहे. बाकीची बहुतेक मुलं जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेत, भरलेल्या वर्गात, बहुधा खिडकीशी बसलेली असतात. त्यांच्यासाठी शेवटच्या बाकावरचे आठवड्याचे दोन तास हीच खरी संधी असते.

आता ध्येय येतं कुठून? यादीतून निवडायला दिलं तर मूल शिक्षकांना आवडेल ते निवडतं. त्यापेक्षा त्याच्यासमोर किंचित पुढचं काहीतरी ठेवायचं आणि ते कुठे थबकतं ते पाहायचं. आठवीच्या गणितात ‘घातांक व घनमूळ’ हा पाठ आहे. तो ज्याला आधीच येतो त्याला विचारा: ७ चा २०२५ वा घात काढला तर एकक स्थानी कोणता अंक येईल? मूल लिहून पाहतं. ७, ४९, ३४३, २४०१. एकक स्थानी ७, ९, ३, १, आणि मग पुन्हा ७. दर चार घातांनी तेच. २०२५ ला ४ ने भागलं की बाकी १, म्हणून उत्तर ७. दहा मिनिटांत होतं. मग शेवटचे दोन अंक विचारा. ०७, ४९, ४३, ०१, पुन्हा ०७. इथेही चारच, उत्तर ०७. मूल म्हणतं, सोपं आहे.

मग ७ च्या जागी ३ घ्यायचे. मुलाला आता नियम सापडलेला असतो, म्हणून ते न तपासताच सांगतं: बाकी १, म्हणून ०३. त्याला फक्त एवढंच म्हणायचं, लिहून बघ. ०३, ०९, २७, ८१, आणि पाचव्या ठिकाणी ४३. ०३ नाही. एकक स्थानचा अंक चारनंतर परत आला, दशक स्थानचा आला नाही. ओळ लांबत जाते आणि विसाव्या घाताला ०१ येतो, तेव्हा कुठे चक्र पुरं होतं. २०२५ ला २० ने भागून बाकी ५, म्हणून शेवटचे दोन अंक ४३. आता २ घेऊन बघ म्हटलं की आणखी गंमत. ०२, ०४, ०८, १६ असं चालत एकविसाव्या घाताला ५२ येतात, बाविसाव्याला ०४. चक्र वीसचंच, पण ०२ परत कधीच येत नाही.

या क्षणी मूल एक प्रश्न विचारतं. कधी ‘७ चं चार आणि ३ चं वीस, असं का?’, तर कधी ‘०२ कुठे गेलं?’ तो प्रश्न त्याच्याच शब्दांत वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायचा. हेच ध्येय. ‘संख्या सिद्धांतात प्रावीण्य मिळवणे’ असलं काही लिहायचं नाही, ते अहवालात शोभतं. वहीत असं लिहिलेलं हवं: ‘दिवाळीच्या सुट्टीपर्यंत मला सांगता आलं पाहिजे की कोणत्या संख्येचे शेवटचे दोन अंक किती घातांनी परत येतात, आणि २ चं वेगळं का होतं. १ ते २० सगळ्या संख्या तपासणार. कारण सातवीतल्या मुलीला कळेल अशा भाषेत दोन पानांत लिहिणार.’ यात शेवटी काय हातात असेल ते आहे, किती ते आहे आणि कोणासाठी ते आहे. सातवीतली मुलगी का? कारण शिक्षकांना समजावताना मूल अर्धं गाळतं, सरांना येतंच असं धरून.

ध्येयाचा प्रश्न ठरला की सोबतची उदाहरणं निवडायची, आणि त्यात मोठी चूक होते ती अवघडपणाचा अंदाज घेताना. दहा उदाहरणांचा एक नमुना संच द्या, वेळेचं बंधन न घालता. आठ-नऊ सुटली तर संच सोपा आहे. दोन-तीनच सुटली तर मध्ये काहीतरी शिकवायचं राहिलं आहे, तिथे मागे जायचं. पाच-सहा सुटली आणि उरलेल्यांपैकी एक-दोन अर्धवट झाली, तर तीच योग्य पातळी. ही पातळी पालकांना पाहवत नाही. त्यांच्या डोळ्यांत दहापैकी पाच म्हणजे पन्नास टक्के. म्हणून या संचावर गुण लिहायचेच नाहीत.

वेळेचंही तसंच. स्कॉलरशिपच्या पेपरात ७५ प्रश्न दीड तासात सोडवायचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला ७२ सेकंद. ती तयारी केलेल्या मुलाला दोन मिनिटांत उत्तर आलं नाही की प्रश्न सोडून पुढे जायची शिस्त लागलेली असते. परीक्षेत ती बरोबर आहे, पण ध्येयाच्या वहीत ती आडवी येते. इथे नियम उलटा: एका अवघड उदाहरणाला किमान ३० मिनिटं, मग झोप, मग दुसऱ्या दिवशी आणखी २०. त्याआधी कोणालाही विचारायचं नाही.

आता नोंदवही. दोनशे पानी साधी वही पुरते. मोबाइलवरच्या ॲपपेक्षा वहीच बरी, कारण खोडलेलं दिसतं. पेन वापरायचं, खोडरबर नाही. चुकलं तर एक आडवी रेघ. प्रत्येक दिवसाच्या नोंदीत चार गोष्टी, लिहायला पाच मिनिटांपेक्षा जास्त नको: काय करून पाहिलं, कुठे अडलं, किती मदत घेतली, उद्या कुठून सुरुवात. किती तास अभ्यास केला हे लिहायचंच नाही. तास लिहायला लावले की मुलं तास भरतात.

यातला तिसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. मदतीला आकडा द्यायचा. स्वतः सुटलं तर ०. एखादा इशारा मिळाला, जसं की ‘लहान संख्या घेऊन बघ’, तर १. एक पायरी कोणी दाखवली तर २. उत्तर पाहिलं तर ३. एक नोंद अशी दिसते: ‘३ चे शेवटचे दोन अंक. ४ चं चक्र धरलं, चुकलं. सगळे २० लिहून काढले. मदत १ (सर म्हणाले लिहून बघ). उद्या ९ घेणार, ९ म्हणजे ३ चा वर्ग, म्हणून १० यावं असं वाटतं.’ या शेवटच्या वाक्यात एक अंदाज आहे, आणि तो बरोबर निघतो: ९ चं चक्र खरंच १० चं आहे. असा अंदाज आधी लिहून मग तपासलेला असणं हे वहीतलं सर्वात चांगलं लक्षण. पण चुकलेला अंदाजही तितक्याच अक्षरात राहायला हवा.

सहा आठवड्यांत प्रगती मोजायची ती या मदतीच्या आकड्यावरून. साधारण सारख्याच अवघड उदाहरणांवर सुरुवातीला २, ३, २, ३ असे आकडे असतील आणि शेवटी १, ०, २, ० असे, तर मूल पुढे गेलं. पहिल्यापासूनच सगळी शून्यं असतील तर आनंद मानू नका, ध्येय सोपं होतं. सतत ३ असतील तर ध्येय उंच आहे किंवा मूल पंधरा मिनिटांतच उत्तर पाहतंय. दोन्हींवर उपाय वेगळा, म्हणून आधी विचारायचं. आणि ३ लिहिल्याबद्दल एकदाही बोललात तर पुढच्या आठवड्यापासून वहीत खोटे आकडे दिसतील.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर पंधरा मिनिटं वही घेऊन बसायचं. शिक्षकांना शक्य नसेल तर पालकांनी, पण दोघांनी नाही. वही मुलाच्याच हातात, पानं त्यानेच उलटायची. तीन प्रश्न पुरतात: या आठवड्यात कुठे सर्वात जास्त वेळ अडलास? त्यातून सुटलास कसा, की अजून अडलेलाच आहेस? पुढच्या आठवड्यात काय बदलणार? ‘किती झालं?’ हा प्रश्न मुद्दाम टाळायचा. तिसऱ्या शनिवारी एकदा ध्येयाचं पान उघडून विचारायचं की हे अजून हवंसं वाटतं का. बदलायचं असेल तर बदलू द्या, पण बदलाचं कारण दोन ओळींत लिहून. ‘कंटाळा आला’ हे कारण चालतं, पण मग कशाचा कंटाळा तेही लिहायचं. बहुतेक वेळा खाली निघतं की एका ठिकाणी अडलंय आणि सांगायची लाज वाटते आहे.

लाजेचा हा भाग हुशार मुलांत फार असतो. ज्याला लहानपणापासून ‘हा तर एकपाठी आहे’ असं ऐकवलं, त्याला न जमणं म्हणजे आपली ओळखच खोटी ठरणं वाटतं. अशी मुलं दोन युक्त्या करतात. एक तर इतकं छोटं ध्येय घेतात की हरायचा प्रश्नच नाही. नाहीतर इतकं अचाट घेतात की न जमल्याचा दोष आपल्यावर येत नाही. सातवीतलं मूल ‘मी कॅल्क्युलस संपवणार’ म्हणतं ते यातलंच. पहिल्याला सांगायचं, वहीत निदान दोन ३ असल्याशिवाय ध्येय पूर्ण धरायचं नाही. दुसऱ्याच्या ध्येयाचा पहिला आठवडाच फक्त ठरवायचा, बाकीचं कोरं. आणि ध्येयाचं पान फॅमिली ग्रुपवर टाकायचं नाही. काकांनी शनिवारी फोन करून ‘झालं का रे?’ विचारलं की वही संपली.

परीक्षा हे ध्येय असू शकतं का? असू शकतं, पण परीक्षेचा निकाल नव्हे, परीक्षेला लागणारं कौशल्य. गणित ऑलिम्पियाडच्या पहिल्या पायरीला, आयओक्यूएमला, प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ०० ते ९९ मधली एक संख्या असते, ती ओएमआर उत्तरपत्रिकेवर गोल रंगवून भरायची. पुढच्या विभागीय फेरीला, आरएमओला, तीन तासांत सहा प्रश्न आणि प्रत्येकाची पूर्ण सिद्धता लिहायची. पहिली पायरी झटकन पार केलेली मुलं दुसरीवर अडतात ती इथे: उत्तर येतं, पण ‘का’ लिहिता येत नाही. तेव्हा आरएमओत निवड होणं हे ध्येय न लिहिता ‘आठवड्याला एक सिद्धता अशी लिहायची की वाचणाऱ्याला एकही प्रश्न विचारावा लागू नये’ असं लिहावं. निवड झाली नाही तरी ते हातात राहतं.

गणिताचंच उदाहरण जास्त दिलं, कारण तिथे मोजणं सोपं. निरीक्षणाची आवड असलेल्या सहावीतल्या मुलासाठी पावसाळा आयता आहे. होमी भाभा बालवैज्ञानिक परीक्षेत लेखी आणि प्रात्यक्षिकानंतर प्रकल्प असतो, आणि बहुतेक प्रकल्प डिसेंबरच्या एका रविवारी आईबाबा करतात, असं म्हटलं तर फार चुकणार नाही. त्याऐवजी जूनपासून रोज पाऊस मोजायचा. सरळ बाजूंची प्लास्टिकची बाटली वरून कापायची, कापलेला भाग उलटा करून नरसाळ्यासारखा बसवायचा. बाटलीचा तळ खोलगट-फुगीर असतो, म्हणून सरळ भाग सुरू होतो तिथपर्यंत आधी पाणी भरायचं आणि तिथे शून्याची खूण करायची, पट्टी तिथून चिकटवायची. झाड आणि छपरापासून लांब ठेवायची, सोबत दोन विटांचा आधार. नोंद रोज सकाळी साडेआठला, कारण हवामान खात्याचे चोवीस तासांचे आकडेही साडेआठ ते साडेआठ असेच असतात, म्हणजे जवळच्या केंद्राशी तुलना होते. रोज मोजून झालं की पाणी पुन्हा शून्याच्या खुणेपर्यंत आणायचं. न पडलेल्या दिवशीही ० लिहायचा. ध्येय ‘पाऊस मोजणे’ नाही, तर ‘माझा आकडा आणि केंद्राचा आकडा कोणत्या दिवशी सर्वात जास्त वेगळा आला आणि का’ हे आहे. चुकलेले दिवस कोरे ठेवायचे, अंदाजाने भरायचे नाहीत. पहिल्याच महिन्यात शिकायची गोष्ट तीच.

काही मुलांचं डोकं धावतं आणि हात मागे राहतो. वाचन-लेखनाची अडचण असलेलं मूल विचारात सगळ्यांच्या पुढे असू शकतं, आणि वही त्याच्यासाठी छळ होते. त्याची नोंद मोबाइलवर दोन मिनिटं बोलून घ्यावी, मदतीचा आकडा तेवढा त्याने स्वतः लिहावा. बाकी सगळं तेच.

एप्रिलअखेर वर्ष संपतं तेव्हा ही वही घरी जाते आणि जूनमध्ये नवे वर्गशिक्षक पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतात. म्हणून शेवटच्या शनिवारी मुलाकडूनच एक पान लिहून घ्यायचं, पुढच्या शिक्षकांच्या नावे. त्यात यंदाचे प्रश्न कोणते होते, कोणता सुटला नाही, कुठल्या प्रकारची मदत उपयोगी पडली, कोणत्या पाठांची चाचणी आधीच दिली होती आणि किती गुण पडले होते. शिक्षकांनी खाली सही करायची, एक प्रत शाळेच्या फाइलला आणि एक मुलाकडे. न सुटलेला प्रश्न नव्या वहीच्या पहिल्या पानावर तसाच उतरवायचा. मे महिन्यात मात्र वही बंद.